बेसीला निळी किनार नव्हती

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता मिना कारगिल यांनी डोळ्यावरची पट्टी काढली, खिडकीतल्या काचेच्या कटोऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बेसी नाही."

दुपारपर्यंत ही बातमी स्केरीहेवनच्या बेकरीत पोचली. संध्याकाळपर्यंत गावाने निकालही देऊन टाकला: बाईंचं डोकं काम देईनासं झालंय.

बेसी म्हणजे एक समुद्रफूल. खडकाला चिकटून राहणारा जीव. मिटला की लाल जेलीच्या गोळ्यासारखा, उमलला की बोटभर रुंद फुलासारखा, पाकळ्यांच्या जागी लवलवणारे मऊ धागे. मिनाबाईंचा भाऊ अ‍ॅलेक याने पासष्ट वर्षांपूर्वी एका मंगळवारी ती खालच्या खडकांवरून दगडासकट उचलून आणली आणि आईच्या लोणच्याच्या कटोऱ्यात ठेवून दिली. बुधवारी अ‍ॅलेक 'रोझबे' बोटीवरून हेरिंगच्या मासेमारीला गेला. बोट परत आली नाही. बेसी राहिली.

टिबी गौडीला मंगळवारी दुपारी फोन आला. ती बासष्ट वर्षांची होती. समुद्रजीवांच्या संशोधन केंद्रात तिने चाळीस वर्षं टाक्या धुतल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि विद्वानांच्या चुका त्यांच्या नकळत दुरुस्त केल्या होत्या. त्याआधी ती मिनाबाईंच्या शाळेत होती, तिसऱ्या बाकावर.

"लगेच ये," बाई म्हणाल्या. "गुरुवारी अकराला कौन्सिलची बाई येणार आहे. त्याआधी मला खरं काय ते हवंय."

दार शीनाने उघडलं. शीना ही बाईंची भाची, दुसऱ्या भावाची मुलगी, टिबीच्याच वर्गातली. शाळेत होती तशीच घाईत.

"आलीस? ये, बघ आणि आत्याला समजावून सांग," ती पॅसेजमध्येच कुजबुजली. "किलब्रे हाउस वृद्धाश्रमात समुद्राकडची खोली मिळतेय. खिडकी, स्वतःची किल्ली, कटोरा ठेवायची परवानगीसुद्धा. पण कौन्सिलच्या मिसेस इनेसना वाटलं की हिला भास होतात, तर ती खोली जाणार. मग मागचा विभाग. स्वयंपाकघराच्या पाठीमागे. दारं बाहेरून बंद. आणि तिथे कटोरा नाही, काही नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ती एक्याण्णव वर्षांची आहे आणि शुक्रवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मिसेस इनेस फोनवर म्हणाल्या, ऑपरेशननंतर निळा रंग अगदी भडक दिसतो. हिला त्या जनावरावर निळं काहीतरी दिसतंय. एवढीच गोष्ट."

टिबी खिडकीशी गेली. कटोरा होता तिथेच होता. आत अ‍ॅलेकचा दगड होता, काळा, वहाणेएवढा. समुद्रफूल मात्र दगडावर नव्हतं. ते काचेला चिकटून बसलं होतं.

तिने भिंग काढलं. अंग गुळगुळीत, ठिपका नाही. धाग्यांच्या खाली गळ्याभोवती निळ्या मण्यांची माळ. ती मोजत गेली, चोवीसपर्यंत. मण्यांचं समुद्रफूल, या किनाऱ्यावरचं सगळ्यांत साधं.

"जात तीच आहे, बाई," ती म्हणाली.

"झालं तर मग," शीना म्हणाली.

मिनाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "जात मी विचारली का तुला? शीनाची आणि तुझी जात एकच आहे. म्हणून तू शीना झालीस?"

टिबी ओशाळली. मग तिने कटोरा उजेडात उचलला आणि खालून पाहिलं. चिकटलेला पाय काचेवर गोल पसरला होता, नाण्याएवढा. गुलाबी.

आणि तिला वाटलं, बेसीचा पाय आपण एकदा पाहिलाय. गुलाबी नव्हता तो.

२

"सांगा बाई, काय वेगळं दिसतं?"

"झग्याला निळी किनार आहे," मिनाबाई म्हणाल्या. "मणी बेसीलाही होते. पण हिच्या पायाशी बघ, बारीक निळी रेघ आहे, सगळीकडून फिरलेली. बेसीला किनार नव्हती. शिवाय ही उद्धट आहे. काल बोट लावलं तर खसकन ओढलं."

रेघ खरीच होती. टिबीने ती आधीच पाहिली होती आणि विशेष मानली नव्हती. काहींना असते, काहींना नसते.

"डोळ्यांमुळे असेल ना, आत्या," शीना म्हणाली.

"डोळे चांगले होते तेव्हा साठ वर्षं पाहिलंय मी तिला. मोतीबिंदू चार वर्षांचा."

कोपऱ्यात डॉड मेल्विल बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा, पूर्वीचा कोळी, गुडघे कामातून गेलेले, टोपी मांडीवर. दर शनिवारी बेसीसाठी ताजं समुद्राचं पाणी डॉड आणतो, हे गावातल्या घड्याळाइतकं ठरलेलं होतं.

"चहा, डॉड?" शीनाने विचारलं.

"नको."

"लोण्याची बिस्किटं आहेत."

"नको म्हटलं ना, पोरी."

मिनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

"घरात कोण कोण आलं होतं?" टिबीने विचारलं. "शुक्रवारपासून?"

बाई शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गेल्या होत्या. वय पाहून त्यांना दोन रात्री ठेवून घेतलं, रविवारी संध्याकाळी त्या परत आल्या. किल्ल्या दोन: एक शीनाकडे, एक डॉडकडे. शनिवारी डॉडने पाणी बदललं. शनिवारीच दुपारी मासेमारी संग्रहालयाचे बॅलिंगल येऊन गेले.

"तो कशाला?" बाईंनी विचारलं.

शीनाने खांदे उडवले. "कटोऱ्याचं माप घ्यायला. म्हणाले, पुढेमागे आत्याने बेसी संग्रहालयाला द्यायचं ठरवलं तर तयारी असावी. मीच दार उघडलं."

"तीनदा नाही म्हणालेय मी त्या माणसाला. आणि जुनं पाणी, डॉड? ते नेलंस ना परत?"

"नेलं," डॉड म्हणाला.

"पासष्ट वर्षांत बेसीचं पाणी मोरीत ओतलेलं नाही त्याने," बाई टिबीला म्हणाल्या. "समुद्राचं ते समुद्राला. बादली भरून आणायची, बादली भरून परत न्यायची. धक्क्याच्या शेवटच्या पायरीशी जे कुंड आहे ना, त्यात."

टिबी निघाली तेव्हा दारात एक निळी प्लॅस्टिकची बादली होती. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. तिला आठवत होती ती डॉडची पांढरी बादली, मुलामा दिलेली, एका बाजूला पोचा आलेली. लहानपणी ती बादली रस्त्यात दिसली की शनिवार आहे हे कळायचं.

पायरीच्या दगडावर विटकरी रंगाचा डाग होता. अर्धा गोल.

"तो घासू नकोस, निघत नाही," शीना मागून म्हणाली. "रविवारी सकाळी अर्धा तास घासलाय मी."

३

टिबीच्या घरी पोटमाळ्यावर एक ट्रंक होती. तिच्यात शाळेच्या वह्या होत्या, आणि त्या फेकून द्यायच्या हे ती तीस वर्षं ठरवत होती.

निसर्गाच्या तासाची वही सर्वांत खाली सापडली. पाने पिवळी पडली होती आणि त्यांना अजून वर्गातल्या स्टोव्हचा वास येत होता, की तिला तसं वाटलं. त्या वर्षी एका आठवड्यात बेसी का कोण जाणे दगड सोडून काचेवर आली होती. बाईंनी कटोरा शाळेत आणला, दोन खुर्च्यांवर काच टेकवून त्यावर ठेवला आणि एकेका पोराला खाली जमिनीवर आडवं व्हायला लावलं. "वरून सगळेच बघतात," त्या म्हणाल्या होत्या. "खालून बघा." त्याच आठवड्यात बेसीने तोंडातून पिल्लं थुंकली, मटारच्या दाण्यांएवढी, आणि वर्ग टाळ्या वाजवत राहिला होता.

टिबीचं चित्र काही सुंदर नव्हतं. पण खाली बाईंच्या सवयीप्रमाणे टाचण होतं, दहा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात:

*मणी चोवीस. पायाचा रंग राखी-हिरवा. पायाशी निळी रेघ नाही.*

शेवटच्या वाक्याखाली बाईंनी लाल शाईने रेघ मारून लिहिलं होतं: "नाही तेही लिहिलंस. छान."

टिबीने तो शेरा पुन्हा वाचला. केंद्रातली चाळीस वर्षं या एका शेऱ्यावर निघाली होती, हे तिला आज कळत होतं.

पायाचा रंग बदलत नाही. केंद्रात तिने एकेक फूल पंचवीस-पंचवीस वर्षं पाहिलं होतं. तेव्हा कटोऱ्यातलं फूल दुसरं होतं. बाई बरोबर होत्या.

पण मग बेसी कुठे होती?

बुधवारी सकाळी साडेनऊला ती संग्रहालयात गेली. दार ढकललं आणि थबकली. दाराशीच नवी कोरी काचेची टाकी होती, दिवा लावलेला. आत, कृत्रिम खडकावर, एक मोठं लाल समुद्रफूल.

४

"छान आहे ना?" फर्ग्युस बॅलिंगल मागून आले. गळ्यात चष्मा, हातात चहाचा मग. ते दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेले, गावात अकरा वर्षं, म्हणजे अजून पाहुणेच.

"कधी आणलंत?"

"गेल्या आठवड्यात. पाटी बघा, मीच लिहिली." पाटीवर लिहिलं होतं: आपल्या किनाऱ्यावरील मण्यांचे समुद्रफूल.

"शनिवारी तुम्ही मिनाबाईंच्या घरी होता."

बॅलिंगल यांचा मग खाली आला. "माप घ्यायला. फक्त माप! मिस गौडी, तुम्हाला असं तर नाही ना वाटत... ती अफवा मी ऐकली, पण मी बिनपरवानगी पोस्टाचं तिकीटसुद्धा घेत नाही कुणाचं."

"बेसी तुम्हाला हवी होती."

"होती. आहे. तिची गोष्ट इथे यायला पाहिजे, हा माझा हट्ट आहे. ज्याच्या भोवती गोष्ट नाही ते रिकामं फूल घेऊन मी काय करू?"

टिबीने भिंग लावलं. उत्तर द्यायला तिला दहा सेकंद लागले.

"ही बेसी नाही."

"अर्थात नाही!"

"आणि मण्यांचं समुद्रफूलही नाही. अंगावर फिकट ठिपके बघा. पिकलेल्या स्ट्रॉबेरीवर असतात तसे. ही वेगळी जात आहे, आकाराने दुप्पट होते, आणि आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही. दक्षिणेतून आणलंत ना?"

बॅलिंगल यांचे कान त्या फुलाच्या रंगाचे झाले. "कॉर्नवॉलहून. भावाने पाठवलं. मला वाटलं, लाल ते लाल..."

"पाटी बदला. तुम्ही शनिवारी आत गेलात तेव्हा कटोरा कसा होता?"

त्यांनी विचार केला. तेवढ्यासाठी टिबीने त्यांना मनातून माफ केलं. "पाणी ताजं होतं. पण ते फूल... मी शीनाला म्हणालोसुद्धा, आज हिची तब्येत बरी दिसत नाही. पार सैल पडलं होतं, आतलं बाहेर आल्यासारखं. शीना फोनवर होती. तिने ऐकलं नसेल."

"किती वाजता?"

"चार."

"आणि डॉड पाणी बदलून गेला होता?"

"दोनला, नेहमीसारखा. मी यायच्या आधी."

शीना चारला सैल पडलेलं फूल बघून गप्प बसली होती का? टिबी थेट तिच्या घरी गेली. शीना इस्त्री करत होती.

"मी कटोऱ्याकडे पाहिलंच नाही!" ती म्हणाली. "मला ते जनावर कधी आवडलं नाही, तुला माहीत आहे. सगळ्यांना आत्याने पिल्लं वाटली, जॅमच्या बाटलीत. माझं दोन दिवसांत मेलं आणि आत्या माझ्यावर आठवडाभर रुसली. दहा वर्षांची होते मी, टिबी."

"बाईंना मागच्या विभागात टाकलं तर तुला बरं वाटेल का?"

इस्त्री जागीच थांबली. "मला काय वाटेल सांगू? दोनदा पडलीय ती. रोज सकाळी मी तिच्या दाराला आधी कान लावते, मग किल्ली फिरवते. कुठेही असू दे, कुणीतरी बघणारं असू दे. पण वेडी ठरवून नाही. तेवढी नालायक नाही मी."

इस्त्रीखालून जळका वास आला. शीनाने "अरे देवा" म्हणून उशीचा अभ्रा उचलला. ज्या बाईला असा अभ्रा जाळल्याचं एवढं वाईट वाटतं, ती खोटं बोलत असेल असं टिबीला वाटलं नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

५

धक्क्याच्या कठड्यावर बसून टिबीने सगळं पुन्हा मांडलं, केंद्रात मांडायची तसं.

ज्याला बेसी चोरायची होती, त्याने चारच्या सुमाराला मरायला टेकलेलं फूल कशाला चोरावं? ज्याला बाईंना वेडं ठरवायचं होतं, त्याने बेसीच्याच मापाचं, बेसीच्याच रंगाचं फूल शोधून आणायचे कष्ट का घ्यावेत? भलतंच काहीतरी आणून ठेवलं असतं. हे फूल आणणाऱ्याला कुणाला काही कळू द्यायचंच नव्हतं. त्याने काही नेलं नव्हतं. त्याने एक मरण झाकलं होतं.

आणि ते फूल आणलं कुठून? या खडकांवर गुलाबी पायाची फुलं वर राहतात, जिथे पाणी ओसरलं की तासन्‌तास कोरडं पडतं. राखी-हिरव्या पायाची खाली, जिथे मोठ्या ओहोटीलाच जमीन उघडी पडते. अ‍ॅलेकने बेसी खालून आणली होती. तो चोवीस वर्षांचा होता, बोकडासारखा उड्या मारायचा. आता आणणाऱ्याने वरून आणलं. शीना रोज समुद्रात पोहते, तिला खालचा खडक म्हणजे जिना. बॅलिंगल यांना वर-खाली काहीच कळत नाही, पण ते मरणारं फूल दाखवत होते, लपवत नव्हते. राहिला तो, ज्याला शेवटच्या पायरीच्या पुढे उतरता येत नाही.

आणि नवी बादली. आणि पायरीवरचा न निघणारा अर्धा गोल.

डॉडच्या शेडचं दार उघडं होतं. आत त्याची छोटी होडी पालथी पडली होती. तिचा तळ अर्धा रंगवलेला होता, विटकरी. तो रंग लावला की तळाला शेवाळ धरत नाही, शिंपले चिकटत नाहीत. त्यात तांबं असतं. समुद्रफुलाला तांब्याचा थेंबही सोसत नाही. हे केंद्रातल्या पहिल्या दिवशी शिकवत.

पांढरी बादली भिंतीला उलटी टांगलेली होती. बुडाला भोक. तिच्याखाली एक काळी रबरी बादली, आतून आणि बुडाला विटकरी.

डॉड होडीच्या पलीकडे स्टुलावर बसला होता. ब्रश हातात, पण कोरडा.

"शनिवारी पांढरी गळायला लागली," तो आपणहून म्हणाला. "अर्ध्या रस्त्यात. परत आलो. ही होती. मे महिन्यात रंग कालवला होता हिच्यात. तीनदा धुतली मी, टिबी. मला वाटलं तीनदा धुतली म्हणजे झालं."

"चारनंतर पुन्हा गेलात?"

"सहाला. दिवा लावून ठेवावा म्हणून. मिना नसली तरी मी लावतो, तिला रस्त्यावरून आल्यावर आवडतं." त्याने ब्रश खाली ठेवला. "सगळी सुटली होती ती. दगडावरून हाताने उचलली तर नुसती... अ‍ॅलेकने आणलेली. कटोरा घासला, दगड घासला. दुसरी आणली."

टिबी खोक्यावर बसली.

"मी जाणार होतो त्या बोटीवर," डॉड म्हणाला. "दाढ दुखत होती. अ‍ॅलेक म्हणाला, राहा घरी, आणि बेसीसाठी पाणी आणून दे मिनाला, ती भरती-ओहोटी विसरते. म्हणून मी आणतो. दुसरं काही कारण नाही."

दुसरं कारण गावाला पन्नास वर्षं माहीत होतं.

"उद्या मी सांगणार आहे की कटोऱ्यातलं फूल वेगळं आहे," ती म्हणाली. "सांगायलाच हवं, नाहीतर बाई बंद दाराआड जातील. पण वहीतलं माझं चित्र बघून मिसेस इनेस काय म्हणतील? दहा वर्षांच्या पोरीचं चित्र. पोरीला रंग चुकला असेल. ज्याने बदललं त्याने सांगितलं तरच संपेल."

"तिला कळेल की बेसी मेली. माझ्या हातून."

"हो."

"आणि तू नाव नाही सांगणार?"

"नाही. ते तुमचं आहे."

डॉडने होडीच्या अर्ध्या रंगलेल्या तळाकडे पाहिलं. तो येईल की नाही, हे टिबीला सांगता आलं नसतं.

घरी जाताना ती शेवटच्या पायरीशी थांबली. पाणी ओसरत होतं. कुंडाच्या काठावर गुलाबी पायाची फुलं मिटून बसली होती, निळ्या किनारीची, ती असायचीच. मग तिने हात घालून कपारीच्या आतल्या सावलीतलं एक फूल नखाने हलकेच सुटं केलं, आणि पालथं करून पाहिलं.

मग तिने बाही कोपरापर्यंत वर केली आणि कपारीत पुन्हा हात घातला.

६

गुरुवारी अकराला मिसेस इनेस आल्या. करडा कोट, मऊ आवाज, मांडीवर वही. शीनाने चहा केला. डॉड नव्हता.

"मिस कारगिल, तुम्हाला अजून वाटतं का, की हे तुमचं समुद्रफूल नाही?"

"वाटत नाही. माहीत आहे."

"कुणी बदललं असेल?"

"ते टिबी सांगेल."

टिबीने वही उघडली, पायाचा रंग दाखवला, रेघ दाखवली, वर राहणारी आणि खाली राहणारी फुलं समजावली. मिसेस इनेस यांनी सगळं ऐकलं. त्या वाईट बाई नव्हत्या.

"फार प्रेमळ आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण हे बावन्न वर्षांपूर्वीचं, शाळेतलं चित्र आहे. आणि असं कोण, कशासाठी करेल?"

टिबीने वहीचं पान सरळ केलं आणि दाराकडे पाहिलं. शीना तिच्याकडे बघत होती. घड्याळ अकरा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. मिसेस इनेस यांनी पेन उचललं.

पॅसेजमध्ये काठीचा आवाज आला. डॉड आत आला तो रविवारच्या कोटात, हातात काळी रबरी बादली. ती त्याने गालिच्याच्या मध्यावर ठेवली.

"मी केलं," तो म्हणाला. "रंगाची बादली वापरली. बेसी शनिवारी मेली. मी दुसरी आणून ठेवली आणि तोंड मिटून बसलो. आणि सोमवारपासून गाव मिनाला वेडी म्हणतंय ते ऐकत राहिलो. लिहा काय लिहायचं ते. ती नाही चुकली. मी चुकलो."

"डॉड मेल्विल," मिनाबाई म्हणाल्या, "पासष्ट वर्षांत तू माझ्या घरी पहिल्यांदा चहाला नको म्हणालास. मंगळवारी. तेव्हाच कळलं मला की बेसी गेली आणि कुणाच्या हातून गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आला असतास का परत?" त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि मला बघायचं होतं की तू स्वतः सांगतोस का. वेळ बराच लावलास. बस. शीना, याला चहा दे. तीन चमचे साखर."

मिसेस इनेस यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. "समुद्राकडच्या खोलीला कटोरा ठेवण्याइतका रुंद कट्टा आहे का, ते मी स्वतः बघते," त्या म्हणाल्या.

"रिकामा कटोरा?" शीनाने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिला बोलल्याचं वाईट वाटलं.

"रिकामा का?" टिबी म्हणाली. "तीनला ओहोटी आहे. बाईंना चाकांच्या खुर्चीतून धक्क्यावर नेऊ या."

७

बाजूच्या उतारावरून खाली आणून शेवटच्या पायरीशी शीनाने खुर्चीची चाकं अडकवली. टिबी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली.

"या कुंडात, इतक्या वर, फक्त गुलाबी पायाची फुलं असायला हवीत," ती म्हणाली. "काठावर तीच आहेत. डॉडने इथलंच सर्वांत मोठं उचललं. पण कपारीच्या आत सावलीत बघा." तिने ओंजळ वर केली. तिच्यात द्राक्षाएवढा लाल गोळा होता. तिने तो पालथा केला. पाय राखी-हिरवा. निळी रेघ नाही. "असली तीसेक आहेत आत. खालून वर ती चढून येत नाहीत. कुणीतरी आणून टाकल्याशिवाय इथे असूच शकत नाहीत."

डॉडला कळेना. "मी कधी टाकली? मी फक्त जुनं पाणी ओततो."

"बेसी पिल्लं कुठे थुंकायची?"

डॉडने हातातल्या निळ्या बादलीकडे पाहिलं. बेसी थुंकायची पाण्यात. आणि ते पाणी मोरीत न ओतता, दर शनिवारी, पाऊस असो, बर्फ असो, तो पायऱ्या उतरून इथे आणून ओतत आला होता.

मिनाबाईंनी हात पुढे केला. टिबीने तो गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिला, आधी वरून, मग खालून.

"बेसीचीच," त्या म्हणाल्या. "तिच्यासारखीच सावकाश मिटते."

डॉडने निळी बादली कुंडात बुडवली, विसळली, ओतली. पुन्हा बुडवली, विसळली, ओतली. पाचव्या वेळी शीना म्हणाली, "पुरे हो आता, नवीन आहे ती!" तरी त्याने सहाव्यांदा विसळली. मगच भरली.

रविवारी किलब्रे हाउसच्या पहिल्या मजल्यावर, समुद्राकडच्या कट्ट्यावर कटोरा होता. तोपर्यंत द्राक्षाएवढं फूल अ‍ॅलेकच्या दगडाच्या कडेला येऊन टेकलं होतं, पण वर चढावं की नाही हे त्याचं अजून ठरत नव्हतं. कटोऱ्यातलं उद्धट फूल शीनाने आपल्या हातांनी कुंडाच्या काठावर परत नेऊन लावलं होतं. डॉड खुर्चीत बसून दुसरा कप पीत होता.

टिबीने निघण्यासाठी कोट घातला, तेव्हा मिनाबाईंनी खणातून एक कोरी वही काढून तिच्यापुढे धरली.

"दगडावर चढायच्या आधी काढून घे चित्र," त्या म्हणाल्या. "आणि नाही तेही लिही."

टिबीने कोट काढला, कटोऱ्याखालचा काचेचा कट्टा पाहिला आणि बासष्टाव्या वर्षी किलब्रे हाउसच्या गालिच्यावर आडवी झाली.